पाण्याखाली बीप वाजला, आणि चौघांनाही वाटलं 'दुसऱ्याचा असेल'

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच भुंकणारा शेजारचा कुत्रा काढून टाकलाय.)

लोकलमध्ये लटकत ऐकताय, की ऑफिसमध्ये कोड बिल्ड होईपर्यंत टाइमपास चाललाय? कसंही असो, स्वागत आहे.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, 'हे आपल्या कामाचं नाही.' विषय आहे स्कूबा डायव्हिंग. त्यातही दोनच गोष्टी: हवा संपत आलीय हे कळतं कसं, आणि संपलीच तर दुसरी सोय काय. पण सुट्टी लागली की आपल्यातला प्रत्येक ग्रुप मालवण-तारकर्ली नाहीतर गोव्याचं ग्रँड आयलंड ठरवतो. इन्स्टावर माशांबरोबरचे फोटो टाकतो. म्हणून म्हटलं, एकदा बोलूया.

आधीच सांगते, मी इन्स्ट्रक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सर्टिफाइड डायव्हर आहे, चाळीसेक डाइव्ह झालेत. आजचा भाग ऐकून कुणी पाण्यात उतरू नका, शिकायला जायचं ते शिकवणाऱ्याकडेच. मी फक्त एक गोष्ट सांगणार आहे आणि त्यातून मी जे शिकले ते.

तर झालं काय

आम्ही चौघं होतो. गाइड, अजून एक डायव्हर, मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण. ती माझी बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार. समुद्र कुठला, बोट कुणाची, ते सांगत नाही, कारण चूक जागेची नव्हती, आमची होती.

खोली १८ मीटर. थोडा करंट होता, त्यामुळे पाय मारावे लागत होते. गाइडने खुणेने हवा विचारली. मैत्रिणीने १०० बार सांगितले, मी १२०. सगळं व्यवस्थित. मग एका खडकाखाली स्टिंग रे दिसला आणि मैत्रिणीने कॅमेरा काढला.

थोड्या वेळाने मला बीप ऐकू आला. टिट-टिट, टिट-टिट. मी माझ्या मनगटावरचा कॉम्प्युटर बघितला. माझा नव्हता. म्हटलं, दुसऱ्या कुणाचा असेल, तो बघेल. आणि मीही स्टिंग रे बघत बसले.

सातेक मिनिटांनी माझ्या खांद्यावर कुणीतरी जोरात मारलं. वळले तर मैत्रीण. डोळे हे एवढे. हात गळ्यावरून आडवा फिरवतेय. ही खूण कोर्समध्ये शिकवतात: हवा संपली. मी हात पुढे करणार, तेवढ्यात तिने माझ्या तोंडातला रेग्युलेटर ओढून घेतला.

आता माझ्या तोंडात काहीच नाही. घाबरायचं कारण नव्हतं, कारण माझ्याकडे दुसरा रेग्युलेटर होता, पिवळा, छातीवर क्लिपला अडकवलेला. मी छातीवर हात नेला. तिथे नव्हता.

क्लिपमधून सुटून तो मागे कुठेतरी लोंबकळत होता. किती वेळ गेला असेल? चार सेकंद, फार तर पाच. पण मंडळी, पाण्याखाली तोंडात काही नसताना पाच सेकंद म्हणजे काय, ते मला विचारा. शेवटी उजव्या खांद्यामागे हात नेऊन होज सापडला, होज धरून रेग्युलेटर ओढला, बटण दाबून पाणी काढलं आणि श्वास घेतला.

मग एकमेकींचा पट्टा धरून हळूहळू वर आलो. दोघी सुखरूप. बोटीवर दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. नंतर कळलं की बीप चौघांनीही ऐकला होता. आणि चौघांनाही वाटलं, दुसऱ्याचा असेल. ज्याचा होता तिलाही!

असं कसं होऊ शकतं?

मीही हाच प्रश्न स्वतःला विचारत होते. उत्तर फिजिक्समध्ये आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात १५०० च्या आसपास. चौपटीपेक्षा जास्त. आपला मेंदू आवाजाची दिशा ओळखतो ती दोन कानांवर तो किती फरकाने पोचला यावरून. पाण्यात तो फरक इतका कमी होतो की दिशाच कळत नाही. आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो. त्यामुळे बीप माझ्या मनगटावर वाजतोय की तुझ्या, हे कानाने सांगणं जवळजवळ अशक्य. शिवाय कॉम्प्युटर इतर कारणांसाठीही वाजतो: वेगाने वर आलात, ठरवलेल्या खोलीखाली गेलात, वेळ झाली.

आपल्या फील्डमधल्या लोकांना हे लगेच कळेल. ऑन-कॉल असताना दिवसाला दोनशे अलर्ट आले की दोनशे एकावा, जो खरा असतो, तो आपण स्वाइप करून टाकतो. आणि ग्रुपवर आलेला अलर्ट कुणाचाच नसतो.

दुसरा प्रश्न मी मैत्रिणीला विचारला: 'अगं, श्वास जड होत नव्हता का?' ती म्हणाली, 'शेवटच्या दोन-तीन श्वासांपर्यंत काहीच कळलं नाही.' हेही खरं आहे. आणि याचं कारण मजेशीर आहे: तिचा रेग्युलेटर चांगला होता!

सिलिंडरमध्ये हवा २०० बारने भरलेली असते. सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज, तो हे प्रेशर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण ९-१० बार जास्त, इतकं खाली आणतो. तोंडातला तो सेकंड स्टेज, तो आपण श्वास ओढला की हवा पाण्याच्या प्रेशरला आणून देतो. साध्या बनावटीच्या, म्हणजे अनबॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडर रिकामा होत आला की श्वास हळूहळू जड होतो. शरीरच इशारा देतं. बॅलन्स्ड फर्स्ट स्टेज मात्र शेवटपर्यंत लोण्यासारखा चालतो आणि मग एकदम काहीच नाही. सोय जितकी चांगली, इशारा तितका कमी.

जुन्या लोकांनी काय केलं होतं

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी अ‍ॅक्वा-लंग बनवलं. गान्यां इंजिनिअर होता. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई, म्हणून गॅसवर गाड्या चालवण्यासाठी त्याने एक व्हॉल्व्ह बनवला होता, तोच पाण्याखाली श्वास घ्यायला वापरला. भारी जुगाड ना?

पण सुरुवातीच्या डायव्हरकडे पाण्याखाली वाचता येईल असं प्रेशर गेज नसायचं. हवा किती उरली हे कळायचं कसं? त्यासाठी आला 'जे-व्हॉल्व्ह'. नाव मोठं टेक्निकल वाटतं, पण एका अमेरिकन कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तो 'जे' या अक्षरापुढे छापला होता आणि साधा व्हॉल्व्ह 'के' पुढे. बस, तेवढंच!

आत एक स्प्रिंग. प्रेशर ठरावीक पातळीच्या, साधारण २० ते ४० बारच्या खाली गेलं की स्प्रिंग वाट अडवायची आणि श्वास जड व्हायचा. मग पाठीमागची दांडी खाली ओढायची, वाट मोकळी आणि उरलेली हवा घेऊन वर यायचं. आपल्या जुन्या मोटारसायकलला पेट्रोलच्या कॉकवर 'रिझर्व्ह' असायचा ना? बाबांच्या गाडीवर बघितला असेल. अगदी तसंच.

त्याचा दोषही तोच. रिझर्व्ह आधीच चालू राहिला असेल तर? डायव्हरच्या नकळत दांडी कुठे अडकून खाली ओढली गेली, की राखीव हवा वापरून होते, इशारा येतच नाही. डायव्हर दांडी ओढायला जातो, ती आधीच खाली! पुढे पाण्याखाली चालणारं प्रेशर गेज सगळ्यांकडे आलं आणि जे-व्हॉल्व्ह मागे पडला.

पण गेजमध्ये एक गोची आहे. जे-व्हॉल्व्ह तुम्हाला येऊन सांगायचा. गेज काही सांगत नाही, गेज बघावं लागतं. बहुतेक गेजवर ५० बारच्या खाली लाल पट्टा असतो, पण बघितलंच नाही तर लाल काय आणि हिरवा काय!

याउलट अग्निशमन दलाच्या जवानांच्या पाठीवरच्या श्वसनयंत्राला शिट्टी असते. युरोपच्या मानकाप्रमाणे साधारण ५० ते ६० बारला ती वाजायला लागते. धुरात गेज दिसणार नाही हे गृहीतच धरलेलं आहे. स्कूबामध्ये आता हे काम करतो तो ट्रान्समीटर असलेला डाइव्ह कॉम्प्युटर, जो सिलिंडरचं प्रेशर मनगटावर दाखवतो आणि बीप देतो. मैत्रिणीकडे हाच होता. महागातला. त्याने त्याचं काम चोख केलं, ५० बारला बीप दिला. आम्हीच तो ऐकून सोडून दिला.

पिवळा रेग्युलेटर: ऑक्टोपस

आता दुसरी सोय. पूर्वी हवा संपली तर दोघांनी एकच रेग्युलेटर आळीपाळीने वापरायचा, दोन श्वास तू, दोन श्वास मी. बडी ब्रीदिंग. शांत माणसांना जमतं. पण हवा संपलेला माणूस शांत असतो का? दोन श्वास घेऊन परत देईल का?

म्हणून १९६० च्या दशकात एकाच फर्स्ट स्टेजला दुसरा सेकंड स्टेज जोडायला सुरुवात झाली. पाठीवरून इतके होज लोंबायला लागले की नाव पडलं ऑक्टोपस. तो पिवळा असतो कारण घाबरलेल्या माणसाला पटकन दिसला पाहिजे, होज लांब असतो कारण दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोचला पाहिजे. जागाही ठरलेली: हनुवटी आणि बरगड्यांची दोन टोकं यांच्यामधला त्रिकोण.

गंमत म्हणजे घाबरलेला माणूस पिवळा शोधत बसेलच असं नाही. तुमच्या तोंडातला चालतोय हे त्याला डोळ्यांनी दिसतंय, तो तोच ओढतो. माझ्या मैत्रिणीने तेच केलं. गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांनी हे फार पूर्वीच ओळखलं. त्यांची पद्धत अशी: तोंडातल्याच रेग्युलेटरला जवळजवळ दोन मीटरचा होज, मागितला की तोच द्यायचा. आणि स्वतःसाठीचा दुसरा रबराच्या दोरीने गळ्यात, हनुवटीखाली. खाली वाकून दातांनीही पकडता येतो. तो माझ्यासारखा मागे जाऊन हरवू शकत नाही. आता मीही गळ्यातच बांधते.

पण इंजिनिअर म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑक्टोपस हा खरा बॅकअप नाही. एकाच सर्व्हरवर डेटाबेसच्या दोन कॉप्या ठेवल्या तर त्याला आपण बॅकअप म्हणतो का? सर्व्हर गेला की दोन्ही गेल्या. ऑक्टोपसचा सिलिंडर तोच, फर्स्ट स्टेज तोच. माझी हवा संपली तर माझ्या ऑक्टोपसचा मला शून्य उपयोग. तो माझ्यासाठी नाहीच, तो माझ्या बडीसाठी आहे. माझा बॅकअप तिच्या छातीवर असतो. म्हणून तिच्यापासून दोन-तीन मीटरच्या आत राहायचं, हा नियम कोर्समध्ये उगाच नाही सांगत.

स्वतःचा खरा बॅकअप म्हणजे पोनी बॉटल. छोटा, पूर्ण वेगळा सिलिंडर, त्याला स्वतःचा रेग्युलेटर आणि गेज.

आता थोडं गणित

घाबरू नका, दहावीचंच आहे.

आमचे सिलिंडर ११ लिटरचे. २०० बारने भरले की साधारण २२०० लिटर हवा. निवांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १५-२० लिटर हवा घेतो. पाण्यात दर १० मीटरला १ बार प्रेशर वाढतं, आणि हवा तेवढ्या पटीने लागते. १० मीटरला दुप्पट, २० ला तिप्पट, ३० ला चौपट.

त्या दिवशी माझ्याकडे ७० बार होते. म्हणजे सुमारे ७७० लिटर. त्यावर दोन माणसं, दोघी घाबरलेल्या, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरू, म्हणजे ६०. १८ मीटरला हे २.८ पट. सावरायला एक मिनिट गेलं: १७० लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला दोन मिनिटं, सरासरी १.९ पट: २३० लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटं सेफ्टी स्टॉप, दीडपट: २७० लिटर. बेरीज ६७०. माझ्या सिलिंडरमध्ये उरले १०० लिटर, म्हणजे ९ बार!

मी खरंच बोटीवर हॉटेलच्या पावतीमागे हे गणित केलं आणि हात थरथरायला लागले. पाण्यात नव्हते थरथरले.

म्हणजे '५० बार उरले की वर यायचं' हा नियम एका माणसापुरता ठीक. दोघांसाठी १८ मीटरवर सेफ्टी स्टॉप धरून ६० हवेत. हेच गणित ३० मीटरला करून बघा, ९० च्या वर जातं. आता मी उतरण्याआधीच हा आकडा काढते आणि अलार्म त्याच आकड्याला लावते, कंपनीने लावून दिलेल्या ५० ला नाही. आणि हवा अगदीच कमी असेल तर सेफ्टी स्टॉप सोडून थेट वर. तो स्टॉप जादाच्या सुरक्षिततेसाठी आहे, श्वास त्याच्या आधी येतो.

छोट्या बाटल्यांचंही तसंच. हातात मावेल अशी ८५ लिटरची बाटली मिळते, दिसायला मस्त. १८ मीटरला घाबरलेल्या माणसाला ती पुरते एक मिनिट. ३ लिटरची पोनी २०० बारला भरली तर ६०० लिटर, एकटा माणूस स्टॉप करून आरामात वर येईल. घेण्याआधी भागाकार करा, मग कार्ड स्वाइप करा.

हे सगळं मी उगाच ताणत नाहीये. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी २००८ मध्ये ९४७ डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या घटनांत सुरुवात कशाने झाली ते सापडलं, त्यांपैकी ४१ टक्क्यांत सुरुवात होती हवा कमी पडणं. उपकरण बिघडणं १५ टक्के. शार्क वगैरे सिनेमात. खरा शत्रू न बघितलेलं गेज.

मग करायचं काय?

सर्टिफाइड असाल तर चार गोष्टी.

एक. उतरण्याआधी ऑक्टोपसमधून खरोखर चार श्वास घ्या, गेजकडे बघत. काटा श्वासागणिक खाली-वर नाचला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.

दोन. बडीचा ऑक्टोपस कुठे आहे ते हात लावून बघा. आणि पाण्यात दर पाच-दहा मिनिटांनी स्वतःच्या ऑक्टोपसला हात लावा. खिशातला फोन चाचपतो ना, तसं.

तीन. बीप ऐकला की चौघांनीही मनगट बघायचं आणि एकमेकांना आकडा दाखवायचा. 'दुसऱ्याचा असेल' हा पर्यायच नाही.

चार. काहीही झालं तरी वर येताना श्वास रोखायचा नाही. फुफ्फुसातली हवा वर येताना फुगते. बाहेर सोडत राहायचं.

आणि तुम्ही मालवणला पहिल्यांदाच, कोर्स न करता उतरणार असाल, तर? तिथे गाइड तुम्हाला धरून ठेवतो, खोली कमी असते, गेज तोच बघतो. छान आहे, जरूर करा. पण उतरण्याआधी तीन प्रश्न विचारा: दादा, सिलिंडरमध्ये आत्ता किती बार आहेत? दुसरा रेग्युलेटर कुठे आहे, दाखवा. कानात दुखलं किंवा घाबरले तर खूण काय करायची? चांगला गाइड हसून उत्तर देतो, उलट त्याला बरं वाटतं. कुणी 'काही होत नाही हो, चला' म्हणालं, तर तुम्ही चला, पण दुसऱ्या बोटीकडे. आणि शिकायचंच असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, लांब जायला नको.

जाता जाता. माझा मामा मालवणचा, आयुष्यभर मासेमारी केलेला. त्याला हा किस्सा सांगितला. मला वाटलं ओरडेल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'हवा कोणासाठी थांबणा नाय गो बाय.' मग विचारलं, 'तुझी मैत्रीण परत उतरली काय?'

उतरली. पुढच्याच महिन्यात, माझ्याबरोबरच. बोटीवर तिने आधी माझ्या गळ्यातला रेग्युलेटर ओढून बघितला, मग स्वतःचा मला ओढायला लावला. पाण्यात तिने मला इतक्यांदा हवा विचारली की शेवटी मी वैतागले. पण उत्तर दिलं. दरवेळी.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी डायव्हर असाल तर तुमचा किस्सा पाठवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. आणि ज्या मित्रांबरोबर मालवणचं बुकिंग झालंय, त्यांना हा भाग आजच फॉरवर्ड करा.

काळजी घ्या. गेज बघत राहा. भेटू पुढच्या भागात!